आधीपासूनच असलेला तारा

आमच्या दवाखान्यात येणारे फोन ठरलेले असतात. दाढ दुखतेय, दाढ अजून दुखतेय, किंवा आज येणार होतो पण आता दुखायचं थांबलंय. त्यामुळे त्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी पलीकडच्या माणसाला बोलूही न देता विचारलं, "वरची की खालची?"

"अं... मी वेधशाळेतून बोलतेय," एका मुलीचा आवाज आला. "डॉक्टरांकडे एका दीर्घिकेचे जुने फोटो असतील का, तेवढं विचारायचं होतं."

मी फोन ठेवून दिला.

उद्धटपणा झाला, मान्य आहे. पण वेधशाळा हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही. काढला तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो आणि आमचे डॉक्टर उगीचच हात धुवायला जातात. दिवसातून इतक्यांदा हात धुणाऱ्या माणसाला आणखी एकदा हात धुवायला लागावेत, ही त्या शब्दाची किमया.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, त्याच्यावर गच्ची. मी दवाखान्याच्या दारातल्या टेबलाशी बसते, नंबर देते, फोन घेते आणि भूल द्यायच्या आधीच ओरडणाऱ्या मोठ्या माणसांना दटावते. गच्चीत डॉक्टरांची दुर्बीण असायची, हाताने बनवलेली, माझ्या कमरेपर्यंत येणारी जाड नळी. लोकांचे नवरे संध्याकाळी पत्ते कुटतात, आमचे दीर्घिकांचे, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगांचे, फोटो काढायचे. बायका मला विचारायच्या, त्यात मिळतं काय? मी म्हणायचे, सर्दी.

पण त्यांचं काम मला समजत होतं, कारण ते दवाखान्यातल्यासारखंच होतं. दाताचा जुना एक्स-रे आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावायचे आणि काय बदललं ते बघायचं. दीर्घिकेचंही तेच. गेल्या वर्षीचा फोटो, या वर्षीचा फोटो. जुन्यात नाही आणि नव्यात आहे असा एखादा ठिपका दिसला की समजायचं, तिथला एखादा प्रचंड तारा फुटला. त्याला म्हणतात सुपरनोव्हा. एकटा तारा अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करेल एवढा उजळतो आणि काही महिन्यांत विझून जातो. तो फुटलेला असतो कोट्यवधी वर्षांपूर्वी, उजेड आत्ता पोचतो. टपालखात्याबद्दलच्या माझ्या सगळ्या तक्रारी हे ऐकल्यापासून मी मागे घेतल्या आहेत.

डॉक्टरांची एक लाडकी दीर्घिका होती. ती आपल्याला कलती दिसते, म्हणून ते तिला 'तिरकी' म्हणत. आणि एका वर्षी तिरकीच्या कडेला त्यांना ठिपका दिसला. गेल्या वर्षीच्या फोटोत नसलेला. सकाळी ते दवाखान्यात आले ते चप्पल उलटसुलट घालून. मला म्हणाले, "अगं, एक दिसलाय." लग्नाला होकार मिळाला तेव्हाही हा माणूस इतका लाल झाला नव्हता.

आता नियम असा आहे की आपल्याला दिसलं म्हणून दिसलं असं होत नाही. दुसऱ्या कोणाला तरी ते दिसावं लागतं. फोटोवर डाग असू शकतो, वाटेत एखादा लघुग्रह आडवा आलेला असू शकतो. म्हणून वेधशाळेत एक पडताळणी समिती आहे, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते सर. सरांनी हयात तिरकीवर घालवली होती. तिच्यात एक ना एक दिवस तारा फुटणार असा त्यांचा जाडजूड प्रबंध होता. डॉक्टरांनी त्यांना फोन केला, फोटो पाठवले आणि संध्याकाळपर्यंत त्यांना दाढ कुठली काढायची ते आठवेना, म्हणून मी सगळे नंबर पुढे ढकलले.

सरांचा फोन आला. मी शेजारीच होते.

"डॉक्टर, तुमचा तो नवा तारा आमच्या संदर्भचित्रात आधीपासूनच आहे," सर म्हणाले. संदर्भचित्र म्हणजे ज्याच्याशी बाकी सगळे फोटो ताडून बघायचे, तो प्रमाण मानलेला फोटो. तिरकीचा त्यांचा फोटो वेधशाळेच्या नव्या मोठ्या दुर्बिणीतून काढलेला होता. "आपल्याच आकाशगंगेतला साधा तारा आहे तो. वाटेत उभा आहे, एवढंच."

"पण माझ्या गेल्या वर्षीच्या फोटोत तो नाहीये, सर."

"तुमची दुर्बीण लहान आहे हो. तिला दिसलं नाही म्हणून आकाशात नव्हतं असं होतं का?"

"पण मग याच वर्षी कसा दिसला?"

"या वर्षी हवा चांगली असेल," सर म्हणाले. मोठ्या माणसांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, हेच त्यांचं मोठेपण.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी विसरले असते. पण सर दरवर्षी सामान्य लोकांसाठी व्याख्यान देतात, 'आकाश कसे पाहावे' या विषयावर. आम्ही दोघं मोठ्या हौसेनं गेलो, पहिल्या रांगेत बसलो. मध्येच पडद्यावर चित्र आलं. डावीकडे डॉक्टरांचे दोन फोटो, जुना आणि नवा, खाली त्यांच्या तारखांसकट. उजवीकडे सरांचा देखणा फोटो, आणि त्यातल्या त्या ताऱ्यावर भलामोठा लाल बाण. सर म्हणाले, "आमच्या एका दंतवैद्य मित्रांनी याचा शोध लावला. तारा बिचारा आधीपासूनच तिथे होता, पण डॉक्टरांना तो पोकळीत सापडला!" सभागृहात हशा फुटला. माणसं खुर्चीतून खाली यायची बाकी होती.

आणि आमचे डॉक्टर सगळ्यांत मोठ्यानं हसले. दात दाखवून, टाळी देऊन. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे कान तेवढे पांढरे पडले होते.

तो विनोद एवढा गाजला की सरांनी तो कायमचा ठेवून घेतला. दरवर्षी व्याख्यान, दरवर्षी लाल बाण. आमचे पेशंट तोंडात कापूस असताना आम्हाला सांगायचे, काल तुमचा विषय निघाला होता.

डॉक्टरांनी घरी येऊन संगणकातले सगळे फोटो पुसून टाकले. दुर्बिणीतला आरसा काढून कपाटात ठेवला. नळी काही कपाटात मावेना, म्हणून ती खाली आणून प्रतीक्षाखोलीच्या कोपऱ्यात उभी केली, आणि पेशंट तिच्यात छत्र्या ठेवायला लागले. मी एकदा म्हटलं, अहो, नळी तरी झाका. ते म्हणाले, "असू दे, उपयोगी पडतेय."

हेही मी गिळलं असतं. खरं जे मोडलं ते वेगळंच. डॉक्टरांना स्वतःच्या डोळ्यांची खात्री वाटेनाशी झाली. समोर एक्स-रे लावलाय, कीड मलाही टेबलापासून दिसतेय, आणि हे म्हणणार, "मला तसं वाटतंय, पण माझं चुकत असेल. एकदा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवून घ्या." मग मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावायचा, ते हसत हसत म्हणायचे, "पाठवा, पाठवा." पेशंट चालत जायचे, आणि बरेचसे तिथलेच होऊन जायचे. कोपऱ्यावरच्यांनी एकदाही म्हटलं नाही की तुमचं चुकलं. पण त्यानं डॉक्टरांची खात्री परत येईना. इतकी वर्षं हेच चाललंय. माझा राग होता तो याच्यावर. माणसाला चूक म्हणा, मूर्ख म्हणा, पण त्याला समोरचं दिसत असताना 'दिसतंय' म्हणायची चोरी करून ठेवू नये.

म्हणून मी फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःच आली. तरुण, केस कसेतरी बांधलेले, काखेत लॅपटॉप. तिनं नंबर घेतला आणि दोन पेशंटच्या मध्ये बसून राहिली. माझा राग तिथेच निम्मा झाला, कारण शहाणी माणसं नंबर घेतात.

"काकू, मी वेधशाळेत संशोधन करते," ती म्हणाली. "सर निवृत्त होतायत. त्यांच्या निरोपसमारंभात भेट द्यायची म्हणून मी तिरकीचा नवा फोटो काढला. सरांचा तो जुना फोटो आमच्या वेधशाळेच्या दालनात मोठ्या चौकटीत लावलाय ना, त्याच्या शेजारी लावायला. तेव्हाची आणि आताची."

"छान," मी म्हटलं. "आणखी एक बाण काढा."

"काकू, ते दोन फोटो जुळवताना मला एक तारा कमी पडला."

तिनं लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला. सरांचा फोटो. तिचा फोटो. तिरकी होती, आजूबाजूचे तारे होते, सगळे जागच्या जागी. आणि लाल बाण जिथे असायचा तिथे काळोख होता. मला खगोलशास्त्र येत नाही, पण पडलेला दात मला ओळखू येतो.

"सरांना दाखवलं?"

"दाखवलं. म्हणाले, तुझा फोटो कच्चा आहे, तुला दिसलं नाही म्हणून तारा नाही असं होतं का." तिनं नाकावरचा चष्मा वर सरकवला. "मी पुन्हा काढला, पुन्हा काढला. मग मधल्या सगळ्या वर्षांचे साठवलेले फोटो उघडून बघितले. काकू, तो तारा सरांच्या त्या फोटोत आहे, पुढचे काही महिने मंद मंद होत जातो, आणि मग नाहीच. तो साधा तारा नव्हताच. तो सुपरनोव्हा होता."

मला समजायला थोडा वेळ लागला. सरांनी तो फोटो काढला तो डॉक्टरांच्या फोटोच्या थोडेच दिवस आधी, फुटलेल्या ताऱ्याचा उजेड नुकताच पोचला होता तेव्हा. नवी दुर्बीण, पहिलाच फोटो, त्याच्याशी ताडून बघण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतंच. त्यांनी त्यालाच प्रमाण ठरवलं. पाहुणा घरात येऊन बसल्यावर घरच्यांची मोजणी केली, आणि वर म्हणाले हा इथलाच.

"मग इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही? दरमहा फोटो काढता ना तिथे?"

"फोटो संगणकच ताडून बघतो. सरांनी त्याला सांगून ठेवलंय, वाढलेलं असेल तेवढं दाखव, कमी झालेलं सोडून दे. ढग आला, धूळ आली तर तारे असेही मंद दिसतात, उगाच वेळ जातो. सोय होती ती." तिनं आवाज खाली आणला. "शेवटी सरांना पटलं. आणि पटल्यावर ते खूश झाले, काकू. म्हणाले, म्हणजे मी टिपला होता! आयुष्यभर वाट बघितली तो मी टिपला होता! निरोपाच्या भाषणात जाहीर करणार आहेत. पण एका फोटोवर कोणी मानणार नाही, डाग होता म्हणतील. मधले फोटो पण त्याच दुर्बिणीचे. दुसऱ्या दुर्बिणीतून त्याच सुमाराला काढलेला फोटो हवा. आणि तो जगात फक्त काकांकडे असणार."

मी हसले. किती दिवसांनी हसले असेन ते सांगता येत नाही, पण आतल्या खुर्चीतल्या पेशंटनं मान वळवून बघितलं.

"आणि शोध कोणाचा म्हणायचा?" मी विचारलं.

तिनं इकडे तिकडे बघितलं. "नियमानं ज्यानं नवा म्हणून ओळखला आणि आधी कळवला त्याचा. नुसता फोटो काढून चालत नाही. पण काकांनी कळवलं ते फोनवर, तेही सरांनाच. सर म्हणतात, आठवत नाही."

आठवत नाही! दरवर्षी भर सभेत जे न चुकता आठवतं, ते एवढ्यापुरतं आठवत नाही. मला वाटतं मोठ्या माणसांच्या मेंदूतही एक संगणक असतो आणि त्यालाही सांगून ठेवलेलं असतं काय सोडून द्यायचं ते.

पोरगी जाताना म्हणाली, सर स्वतः येतील. मी म्हटलं, येऊ देत.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मग उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिची हवा खराब असेल." मी वैतागून म्हटलं, "अहो, ती तुमच्या बाजूनं बोलतेय!" तर म्हणाले, "तरी पण. तिचंही चुकत असेल."

सर आले ते भर गर्दीच्या वेळी, पावसाची भुरभुर चालू असताना.

"नमस्कार. मी..."

"ओळखते. नंबर घ्या."

त्यांनी बिल्ला घेतला. भिजलेली छत्री कुठे ठेवावी म्हणून बघितलं आणि कोपऱ्यातल्या नळीत घातली. खगोलशास्त्रात हयात घालवलेल्या माणसाला दुर्बिणीची नळी ओळखू आली नाही. मग ते बसले, दात पडलेल्या एका आजोबांच्या आणि सुजलेल्या गालाच्या बाईंच्या मध्ये. भिंतीवरचं 'दात कसे घासावेत' हे चित्र त्यांनी बराच वेळ अभ्यासलं. मी मध्येच नंतर आलेल्या दोघांना आत सोडलं. दुखणाऱ्यांना आधी घेतो आम्ही, असा आमचाही नियम आहे.

त्यांचा नंबर आला तेव्हा आत बसायला पेशंटची खुर्चीच होती. सर तिच्यावर अर्धवट कलंडून बसले, डोक्यावर दिवा. मी दारात उभी राहिले. कोणी मला जा म्हटलं नाही.

"डॉक्टर, जुन्या गोष्टी झाल्या," सर म्हणाले. "विज्ञानात असं होतं. तुमचा तो फोटो द्या. निवेदनात तुमचा उल्लेख करू. 'एका स्थानिक हौशी निरीक्षकाच्या छायाचित्राने या शोधाला दुजोरा दिला', असं वाक्य घालतो मी."

"माझ्याकडे फोटो नाही, सर," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

"पुसून टाकले मी सगळे."

"अहो, पुसून? असं कोणी पुसतं का? केव्हा?"

"तुमचं व्याख्यान ऐकून घरी आलो तेव्हा."

सरांचा चेहरा खरोखर पडला. मला आधी वाटलं पश्चात्तापानं, पण ते म्हणाले, "अरेरे. मग मात्र अवघड आहे. एका फोटोवर कोण मानणार? डाग म्हणतील लोक. चांगला शोध जाईल हातचा." एवढं म्हणून ते उठायला लागले.

"फोटो आहे की," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमच्याकडेच आहे, सर. व्याख्यानात दाखवता ना दरवर्षी? डावीकडे डॉक्टरांचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. तारखांसकट. शेजारी तुमचा. लाल बाण काढलेला."

सर खुर्चीच्या कडेवर तसेच बसून राहिले. हळूहळू त्यांच्या लक्षात येत गेलं ते मला दिसत होतं. तो फोटो दाखवला तर तारा सिद्ध होणार. आणि तोच फोटो सांगणार की दातांच्या डॉक्टरांनी तो नवा म्हणून ओळखला होता, कळवला होता, आणि कोणी त्यांना उडवून लावलं होतं. वर्षानुवर्षं, हजारो माणसांसमोर, सरांनी स्वतःच्या हातानं डॉक्टरांचा पुरावा जपून ठेवला होता. तोही इतक्या हौसेनं, बाण काढून.

"ते... गमतीनं होतं हो," सर म्हणाले.

"हो ना. आम्हीही हसलो होतो," मी म्हटलं.

ते गेले. छत्री न घेता गेले.

निरोपसमारंभाला आठवडा होता. समितीचे अध्यक्ष अजून सरच, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर जाणार नव्हतं. पोरगी मधून मधून फोन करायची. सर ते चित्र उघडतात, बघतात, बंद करतात, एवढंच सांगायची. मी म्हणायचे, गप्पच बसतील बघ, स्वतःचाही तारा जाऊ देतील पण डॉक्टरांना देणार नाहीत. एकदा कपाट उघडून आरशावरचं फडकं काढून बघताना मी डॉक्टरांना पकडलं. "धूळ बसलीय का बघत होतो," म्हणाले.

समारंभाला ते येईनात. मी इस्त्रीचा शर्ट त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं, तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाऊन मधोमध उभी राहून बोलेन. हा उपाय लागू पडला. या वेळी मात्र आम्ही मागच्या रांगेत बसलो.

सत्कार झाले. सर किती मोठे हे सांगायला माणसं एकामागून एक उठत होती आणि बसायचं विसरत होती. शेवटी सर उभे राहिले. थोडं तिरकीबद्दल बोलले, प्रबंधाबद्दल बोलले, आणि पडद्यावर ते चित्र आलं. लाल बाण.

सभागृह हसलं. सर अजून काहीच बोलले नव्हते. पण लोकांना पाठ झालं होतं की इथे हसायचं असतं. आणि मी शेजारी बघितलं तर डॉक्टरांच्या ओठांच्या कडा उचलल्या गेल्या होत्या, टाळीसाठी हात वर येत होता. मी तो हात धरला आणि सोडला नाही.

सर थांबले. हसू विरेपर्यंत थांबले. लोकांना वाटलं, विनोदाची नवी आवृत्ती आहे.

"या चित्रात चूक कोणाची आहे ते मी तुम्हाला आजवर उलटं सांगत आलो," सर म्हणाले. मग सगळं सांगितलं. मोजूनमापून, नीट, मला सांगता आलं असतं त्याहून चांगलं. फोटो काढला तेव्हा तारा फुटलेला होता, हे. दंतवैद्यांनी तो ओळखला आणि कळवला, हे. आपण फोन करून त्यांना काय म्हणालो, तेही. "शोध डॉक्टरांचा आहे. पडताळणी माझी. मला जरा वेळ लागला, एवढंच."

त्यावर जो हशा झाला आणि जी टाळी पडली, तशी मी कधी ऐकली नव्हती. लोक उभे राहिले. आता माणसं मागे वळतील, डॉक्टरांकडे बघतील, म्हणून मी त्यांची कॉलर सारखी केली.

कोणी वळलं नाही. सगळे सरांसाठी उभे होते. "केवढं मोठं मन!" पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या माणसानं चूक कबूल करायची म्हणजे!" लगेच एकानं उठून सरांच्या उदारतेवर चार वाक्यं म्हटली. माझ्या नवऱ्यानं तारा शोधला, हिणवून घेतलं, दुर्बीण मोडली, आणि त्यातून निष्पन्न काय झालं, तर सरांचं मोठेपण. चहाच्या वेळी सरांभोवती ही गर्दी. डॉक्टरांपाशी एकच गृहस्थ आले. "तुम्हीच का ते? बरं झालं भेटलात. माझी ही मागची दाढ जरा बघता का?"

निघताना सर गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आले. डॉक्टरांचा हात हातात घेतला. जवळून बघितलं तर ते फार थकलेले दिसत होते.

"डॉक्टर, मी आयुष्यभर काहीतरी वाढायची वाट बघत होतो," ते हळू म्हणाले. "कमी काय झालं ते कधी बघितलंच नाही. घरासमोर आला होता हो तो, आणि मी त्याला चौकटीत घालून भिंतीवर टांगला."

मला त्यांची दया आली. लगेच स्वतःचा राग आला. पण दया आली ती आलीच.

"तुमची छत्री राहिलीय आमच्याकडे," मी म्हटलं.

घरी येताना मीच बोलत होते, म्हणजे धुसफुसत होते, की टाळ्या कोणाला मिळाल्या बघा. डॉक्टर मध्येच म्हणाले, "अगं, पण होता ना तो."

"कोण?"

"तारा. होता ना."

"होता," मी म्हटलं. "तुम्ही म्हटलं होतं तेव्हाच."

दुसऱ्या दिवशी दवाखाना नेहमीसारखा उघडला. पहिला पेशंट एक किरकिरे गृहस्थ, कधीपासून इथून कोपऱ्यावर आणि कोपऱ्यावरून इथे फिरणारे. डॉक्टरांनी त्यांचा जुना एक्स-रे लावला, शेजारी नवा लावला आणि दोन्हींसमोर उभे राहिले. मला पुढचं सगळं पाठ होतं. मी बोलावणं यायच्या आधीच फोन उचलला आणि कोपऱ्यावरच्यांचा नंबर फिरवायला घेतला.

"काय मग, दाखवून यायचं ना तिकडे?" गृहस्थांनी विचारलं.

डॉक्टर एक्स-रेच्या आणखी जवळ गेले. मग एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाले, "इथे कीड आहे. मुळापर्यंत गेलीय."

"नक्की? मग एकदा त्यांना..."

"कोणाला विचारायची गरज नाही. मला दिसतंय."

मग मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाले, "ठेव तो फोन."

मी ठेवला. डोळे पुसावेत तर समोर बाकावर सगळे बसलेले, म्हणून मी नाक ओढलं आणि पुढचा नंबर पुकारला.